धागा: कॉलेज यूथ्स, त्यांच्या घंटा आणि आपला पंचहौद

गुरुवारकर

पंचहौदच्या चर्चचा, म्हणजे होली नेमचा उंच मनोरा पुण्यात सगळ्यांच्या ओळखीचा आहे. १८९० चं चहा प्रकरण, त्यावरून टिळक-रानड्यांवर आलेलं ग्रामण्य, हेही बहुतेकांना ठाऊक असतं. मनोऱ्यात वर काय आहे याची चर्चा मात्र क्वचितच होते. तिथे इंग्लंडमध्ये लफबरोला टेलरच्या ओतशाळेत घडलेल्या आठ घंटा आहेत. त्या देवळातल्या घंटेसारख्या नुसत्या लटकवलेल्या नसून 'चेंज रिंगिंग'साठी, म्हणजे दर फेरीला घंटांचा क्रम बदलत वाजवण्यासाठी, लाकडी चाकांवर बसवलेल्या आहेत.

त्याबद्दल वाचताना लंडनच्या 'एन्शंट सोसायटी ऑफ कॉलेज यूथ्स'चं नाव वारंवार येतं. स्थापना ५ नोव्हेंबर १६३७, आणि मंडळ अजून चालू. जाणकारांना विचारायच्या गोष्टी अशा:

कॉलेज कुठलं आणि यूथ्स कोण? चर्चच्या घंटा वाजवणाऱ्यांना वेगळं मंडळ कशाला लागतं? मनोऱ्यांत सोनेरी अक्षरांच्या पाट्या असतात आणि त्यावर "५०४०" असा आकडा दिसतो, तो कसला? आणि आठ घंटा म्हणजे सरळ एक सप्तक हाताशी असताना ही माणसं साधी चाल का वाजवत नाहीत?

थेम्सकाठ

आधी नाव. लंडनमध्ये कॉलेज हिल नावाचा एक लहानसा चढाचा रस्ता आहे. लंडनचा प्रसिद्ध महापौर रिचर्ड व्हिटिंग्टन १४२३ मध्ये वारला. त्याने ठेवलेल्या पैशातून तिथे धर्मगुरूंची एक संस्था उभी राहिली, तेच 'कॉलेज'. जवळच्या सेंट मार्टिन व्हिंट्री चर्चमध्ये घंटा वाजवायला जमणारे ते कॉलेज यूथ्स. विद्यापीठाशी काही संबंध नाही. संस्थापक म्हणून लॉर्ड ब्रेर्टन आणि सर क्लिफ क्लिफ्टन यांची नावं सांगतात, म्हणजे सुरुवातीची मंडळी खाऊनपिऊन सुखी घरांतली. घंटा वाजवणं हा त्यांच्यासाठी व्यायाम आणि करमणूक, भक्तीचा भाग बेताचाच. कारागीर आणि दुकानदार नंतर आले, आणि खरं काम त्यांनी केलं असं माझं मत.

ते मूळ चर्च १६६६ च्या आगीत जळालं आणि परत बांधलंच नाही. म्हणून या मंडळाला 'आपलं' असं एक चर्च नाही. ते वेगवेगळ्या मनोऱ्यांत वाजवत आले. त्यांचा इतिहास वाचायचा तर एकेका मनोऱ्यातल्या घंटांचा वाचावा लागतो.

फॅबियन स्टेडमन हा छापखान्यातला माणूस १६६४ मध्ये मंडळात आला आणि १६८२ मध्ये त्याचा प्रमुख झाला. १६६८ चं 'टिंटिनॅलॉजिया' त्याने प्रकाशित केलं. ते लिहिलं होतं रिचर्ड डकवर्थने. १६७७ चं 'कॅम्पनॅलॉजिया' त्याचं स्वतःचं. त्याच्या नावाची वाजवण्याची पद्धत आजही रोज कुठल्या तरी मनोऱ्यात चालू असते. रोज खिळे जुळवणाऱ्या माणसाला अंकांच्या अदलाबदलीचं वेड लागावं यात नवल नाही.

पुढे फ्लीट स्ट्रीटच्या सेंट ब्राइड्समध्ये १७१९ मध्ये बारा घंटा झाल्या. तिथे जानेवारी १७२५ मध्ये कॉलेज यूथ्सनी बारा घंटांवर पूर्ण 'पील', म्हणजे न थांबता पाच हजारांच्या वर वेगवेगळे क्रम, वाजवला. २९ डिसेंबर १९४० च्या बाँबहल्ल्यात ते चर्च जळालं. इमारत पुन्हा उभी राहिली, बाराचा संच मात्र परत आला नाही. सेंट मेरी-ल-बो, ज्यांच्या आवाजाच्या टप्प्यात जन्मलेला तोच खरा कॉकनी म्हणतात त्या घंटा, मे १९४१ मध्ये पडल्या. पण तिथे जुनाच धातू वापरून १९५६ मध्ये लंडनच्या व्हाइटचॅपल ओतशाळेत बारा घंटा पुन्हा ओतल्या आणि १९६१ पासून त्या वाजू लागल्या. सर्वांत जड घंटा ४२ हंड्रेडवेटची, म्हणजे सव्वादोन टनांना जरा कमी. एक हंड्रेडवेट ५०.८ किलोचं. इंग्रज घंटावाले अजून याच मापात बोलतात, किलो सांगितले तर त्यांना अंदाज येत नाही.

साउथवर्क कॅथीड्रल नदीपलीकडे. तिथे १७३५ पासून बारा घंटा आहेत. सेंट पॉल्समध्ये मात्र असा संच यायला १८७८ उजाडलं. टेलरने ओतलेल्या बारा घंटा, जड घंटा ६२ हंड्रेडवेट, म्हणजे ३.१५ टन.

सरळ रेषेत प्रगती झाली असं समजू नका. भांडणंही भरपूर. १७४७ पासूनची 'कंबरलँड यूथ्स' ही प्रतिस्पर्धी मंडळी, त्यांचा गड ट्रॅफल्गर चौकातलं सेंट मार्टिन्स. दोघांची चुरस अडीचशे वर्षांहून जुनी, आणि आज सौम्य झाली असली तरी एकाच वेळी दोन्हीकडे सभासद होता येत नाही. बायकांना कॉलेज यूथ्सनी सभासद करून घेतलं १९९८ मध्ये! बाकीच्या इंग्लंडात त्या कितीतरी आधीपासून उत्तम वाजवत होत्या. या बाबतीत मंडळाचं समर्थन कसं करायचं ते मला तरी कळत नाही.

अंकपाश

५०४० आणि "चाल का नाही" या दोन्ही प्रश्नांचं उत्तर घंटा टांगायच्या पद्धतीत आहे. ते समजलं की बाकीचं आपोआप सुटतं.

देवळातली घंटा स्थिर असते, लोलक हलतो. इथे उलटं. घंटा एका आडव्या जाड तुळईला घट्ट जखडलेली असते, तिला हेडस्टॉक म्हणतात. तुळईच्या दोन्ही टोकांना बेअरिंग आणि एका बाजूला मोठं लाकडी चाक. दोरी चाकाच्या परिघावरच्या खाचेतून जाते. वाजवायला सुरुवात करण्यापूर्वी घंटा झोके देत देत पूर्ण उलटी करतात, तोंड आकाशाकडे. तोलाच्या बिंदूच्या जरासं पलीकडे गेली की हेडस्टॉकवरचा अ‍ॅश लाकडाचा दांडा, ज्याला स्टे म्हणतात, खालच्या सरकत्या पट्टीला टेकतो आणि घंटा तशीच उभी राहते.

आता खाली, दोरी हातात असलेल्या माणसाकडे या. दोरीवर लोकरीचा रंगीत, गुबगुबीत भाग असतो. तो सॅली. दोन्ही हातांनी सॅली खाली ओढायची, कमरेपाशी आली की सोडून द्यायची. घंटा तोल सोडून पूर्ण वर्तुळ फिरते, दुसऱ्या बाजूला पुन्हा उलटी होते आणि या फेरीत एकच टोला पडतो. दोरी चाकावर गुंडाळली गेल्यामुळे सॅली छताकडे जाते आणि तुमचे हात दोरीचं शेपूट धरून डोक्याच्या वर पोचलेले असतात. मग शेपूट ओढायचं, घंटा उलट दिशेने फिरते, दुसरा टोला. परत येणारी सॅली झेलायची. हाच प्रकार पुन्हापुन्हा.

नवशिक्याच्या दोन चुका ठरलेल्या. सॅली वेळेवर सोडली नाही तर माणूस तिच्याबरोबर वर उचलला जातो. आणि जोर जास्त लावला तर घंटा तोलापलीकडे जाऊन स्टेवर आदळते, स्टे मोडतो, घंटा तशीच पुढे फिरते आणि सगळी दोरी सपासप वर जाते. तेव्हा नियम एकच, दोरी ताबडतोब सोडायची. स्टे मुद्दाम मोडण्याजोगा ठेवतात. मोडला तर नवा बसवता येतो, पण तो पोलादी असता तर धक्का हेडस्टॉकला आणि बेअरिंगला बसला असता.

आता मुद्दा. टनभर वजनाची घंटा फिरत असताना तिला मध्येच थांबवता किंवा पळवता येत नाही. हुकमत चालते ती फक्त वर, तोलाच्या बिंदूपाशी. तिथे क्षणभर जास्त धरून ठेवली तर टोला उशिरा पडेल, तिथे पोचण्याआधीच ओढली तर लवकर पडेल. एवढंच. त्यामुळे एक घंटा एका फेरीत फार तर एक जागा पुढे किंवा एक जागा मागे सरकू शकते. चालीला लागतं तसं एका स्वरावरून चार स्वर उडी मारणं, किंवा तोच स्वर लगेच पुन्हा वाजवणं, या यंत्रात बसतच नाही. इंग्रजांनी मग जे बसतं त्याचाच खेळ केला.

चार घंटांचं उदाहरण घ्या. १ सर्वांत लहान आणि उंच स्वराची, ४ सर्वांत जड.

१२३४
२१४३
२४१३
४२३१
४३२१
३४१२
३१४२
१३२४
१२३४

एकाच घंटेकडे बघत खाली या. एक क्रमांकाची घंटा पायरी पायरीने मागे जाते, शेवटच्या जागी दोनदा वाजते, पुन्हा पुढे येते. प्रत्येक ओळ वेगळी. याला प्लेन हंट म्हणतात आणि पुढच्या सगळ्या पद्धतींचा पाया तोच.

चारांच्या एकूण ओळी २४. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त शेवटी अंकपाश नावाचं प्रकरण आहे, त्यात हेच गणित विष्णूच्या चार हातांतल्या शंख-चक्र-गदा-पद्माच्या अदलाबदलीवर केलंय, उत्तर २४. शंभूच्या दहा हातांतल्या दहा वस्तूंचं उत्तर ३६,२८,८००. दहा घंटांच्या ओळीही तेवढ्याच. सात घंटांच्या ५०४०, आणि हा तुमच्या पाटीवरचा आकडा. आठ घंटांच्या मनोऱ्यात बहुधा सात फिरवतात आणि आठवी, जड, प्रत्येक ओळीच्या शेवटी ठेका धरल्यासारखी राहते. मिनिटाला साधारण २८ ओळी धरल्या तर ५०४० ला तीन तास. माणसाला न थांबता झेपेल असं हे माप, म्हणून तोच 'पील' ठरला. आठ किंवा जास्त घंटा फिरवायच्या असतील तर किमान ५०००.

अटी कडक आहेत. कागद समोर ठेवायचा नाही, मध्ये माणूस बदलायचा नाही, एकही ओळ दुसऱ्यांदा येता कामा नये. शेवटची अट सर्वांत अवघड. नेमकी पद्धत नुसती चालू ठेवली तर थोड्या वेळात तुम्ही पुन्हा १२३४ वर येता. म्हणून एकजण मध्ये मध्ये "बॉब!" किंवा "सिंगल!" असं ओरडतो, त्या जागी दोन-तीन घंटांचा मार्ग बदलतो आणि नव्या ओळींचा गट उघडतो. हे हुकूम कुठे कुठे द्यायचे ते आधी कागदावर रचून, ओळ दुबार येत नाही हे सिद्ध करून, पाठ केलेलं असतं. एक बॉब चुकला की अडीच तासांची मेहनत पाण्यात. पाटी लागत नाही.

गुरुवारकर

विष्णूचे चार हात आणि चार घंटा, हे भारीच! म्हणजे आठही घंटांच्या सगळ्या ओळी कुणी वाजवल्या असतील का? आणि दुसरं, नाशिकची नारोशंकराची घंटा, मेणवलीची घंटा, या पण चर्चच्याच ना? त्या अशा फिरायच्या का?

अंकपाश

आठांच्या ४०,३२०. वाजवल्यात. जुलै १९६३, लफबरोला टेलरच्याच ओतशाळेच्या मनोऱ्यात, आठ माणसं, कुणी न बदलता, १७ तास ५८ मिनिटं. खाणंपिणं आणि बाकीचं सगळं दोरी हातात ठेवून. बारांच्या ४७,९०,०१,६०० आहेत, तीस वर्षांहून जास्त लागतील. त्या वाटेला कुणी जाणार नाही.

कासारआळी

नारोशंकर आणि मेणवलीच्या घंटा वसईच्या मोहिमेनंतरच्या, १७३९. चिमाजी अप्पांबरोबरच्या सरदारांनी पोर्तुगीज चर्चच्या घंटा आणून देवळांना वाहिल्या. नाशिकच्या घंटेवर १७२१ साल आहे, मेणवलीच्या घंटेवर १७०७ आणि बाळ येशूला घेतलेली मेरी. त्या इंग्लिश चेंज रिंगिंगच्या कधीच नव्हत्या. पूर्ण चाक, स्टे आणि सॅली हा मुख्यतः इंग्लंडचा प्रकार, तिथून वसाहतींत गेलेला. आपल्याकडे देवळांत त्या स्थिर टांगलेल्या आहेत.

आता धातू. "पंचधातूची घंटा" असं आपण सवयीने म्हणतो, पण टेलर किंवा व्हाइटचॅपलची घंटा म्हणजे शुद्ध कासं. तांबं ७७-७८ टक्के, बाकी कथील. आपल्या काशाच्या थाळीचंही प्रमाण जवळपास हेच, म्हणून थाळीला टिचकी मारली की ती गाते आणि हातातून फरशीवर पडली की तडकते. कथील कमी केलं तर घंटा बद्द वाजते, वाढवलं तर काचेसारखी ठिसूळ होते. त्यात सोनं-चांदी घातली की आवाज गोड होतो ही समजूत इंग्लंडातही आहे आणि इथेही. चांदीने आवाज सुधारत नाही.

साचा मातीचा, त्यात घोड्याची लीद आणि बकरीचे केस कालवलेले. लीद कशाला? ओतताना निघणाऱ्या वायूंना माती सच्छिद्र लागते, नाहीतर घंटेत पोकळ्या राहतात. अकराशे अंशांच्या आसपास ओतून मोठी घंटा काही दिवस सावकाश निवू द्यायची. मग उलटी करून लेथवर बसवायची आणि आतून धातू खरवडून सूर लावायचा. एका टोल्यात पाच मुख्य स्वर असतात, त्यातला एक कोमल गंधाराचा, म्हणून घंटेचा आवाज नेहमी जरा उदास लागतो. हे पाचही स्वर नेमके जुळवायची पद्धत टेलरने १८९६ पासून रूढ केली. खरवडलेला धातू परत लावता येत नाही, त्यामुळे हात जपून चालवावा लागतो.

घंटा फुटतात कशाने? तीन कारणं पुन्हापुन्हा दिसतात. पहिलं, जुन्या घंटांत लोलक अडकवायची लोखंडी कडी ओतकामातच डोक्यात गाडलेली असते. तिला गंज चढला की ती फुगते आणि आतून कासं फाडते. बाहेरून काहीच दिसत नाही, एके दिवशी आवाज फुटका येतो. अशी कडी वेळीच ड्रिल करून काढून टाकतात आणि डोक्यातून आरपार बोल्ट घेतात. दुसरं, लोलक वर्षानुवर्षं एकाच जागी आदळून ओठ झिजतो. तेव्हा घंटा हेडस्टॉकवर पाव फेरा फिरवून लावली की ताजी जागा मिळते. तिसरं कारण निव्वळ आळस. फिरवायला माणसं नाहीत म्हणून लोलकाला दोरी बांधून स्थिर घंटेवर खेचतात. फिरणाऱ्या घंटेवर लोलक टोला मारून सुटतो, इथे दोरीच्या ताणाने तो चिकटून राहतो आणि कंपनं अडवतो. असल्या वाजवण्याने शेकडो चांगल्या घंटा तडकल्या आहेत.

थेम्सकाठ

कासारआळी, एक भर. मोडलेल्यापेक्षा गप्प बसलेल्या घंटांचाही काळ होता. जून १९४० मध्ये शत्रू हवेतून उतरला तरच घंटा वाजवायच्या असा हुकूम निघाला. १५ नोव्हेंबर १९४२ ला एल अलामेनच्या विजयासाठी एक दिवस सूट मिळाली, बंदी पुढच्या वर्षी उठली. तेवढ्या काळात तयार माणसं लढाईवर, नवी शिकायला मनोरे बंद. मंडळं टिकली ती हातातल्या छोट्या घंटांवर. दोन हातांत दोन घंटा घेऊन त्याच पद्धती टेबलाभोवती बसून वाजवायच्या.

आणि २०१२ ची गोष्ट सांगितलीच पाहिजे. राणीच्या ज्युबिलीला, ३ जूनला, थेम्समधून हजारभर बोटींची मिरवणूक निघाली. तिच्या अग्रभागी एका तराफ्यावर आठ नव्या घंटा, व्हाइटचॅपलने ओतलेल्या, आणि वाजवणारे कॉलेज यूथ्स. भर पावसात, हलत्या तराफ्यावर! त्या घंटा नंतर सेंट जेम्स गार्लिकहाइथ चर्चमध्ये बसवल्या. ते चर्च कॉलेज हिलपासून चालत दोन-तीन मिनिटांवर. व्हाइटचॅपलची ओतशाळा, जी १५७० पासूनची म्हणवायची, २०१७ मध्ये बंद झाली. टेलर चालू आहे.

गुरुवारकर

सगळ्यांचे आभार. शेवटचं एक. आपल्या हवेत अशी चाकं, दोऱ्या कशा टिकतात? आणि मनोऱ्यात कुणी पाहणी करायला गेलं तर काय बघावं?

कासारआळी

सगळ्यात आधी, घंटा कुठल्या तोंडाने उभी आहे ते. तोंड वर असेल तर दोरीला बोटसुद्धा लावायचं नाही आणि चौकटीत शिरायचं नाही. घंटा तोलावर असते, जरा हिसका बसला की टनभर कासं फिरतं. तोंड खाली असेल तरच पुढे जा.

मग बेअरिंग. जुन्या संचांत पितळी बैठकीत लोखंडी आस असतो, त्याला ग्रीस लागतं. ग्रीस वाळून दगड झालेलं असेल तर घंटा कधीपासून फिरलेली नाही याचा अंदाज येतो. नंतर बहुतेक ठिकाणी बॉल बेअरिंग बसवली, त्याने जड घंटाही एकटा माणूस आरामात फिरवतो. लाकडी चाक पावसाळ्यात फुगतं आणि उन्हाळ्यात आक्रसतं, जोड उघडे पडतात. चाक तिरकं झालं की दोरी खाचेतून निसटते, आणि तेही नेमकी घंटा वर असताना. चौकट ज्या तुळयांवर उभी आहे त्यांची टोकं भिंतीत असतात, ओल तिथे साठते. लाकडात सुरी रुतते का बघा. लोखंडी तुळई असेल तर पापुद्रे सुटलेत का.

कबुतरं! जाळी नसेल तर वीतभर विष्ठा साचते. ती ओली झाली की लोखंड खाते, वर लोलकाच्या बिजागरीत जाऊन बसते. खरवडताना नाकातोंडाला मास्क हवाच, ती धूळ फुप्फुसाला वाईट.

दोरी सुताची किंवा तागाची असेल तर एक गंमत लक्षात ठेवा. ओली झाली की ती आखडते. दोन तास पाऊस पडला की सॅली वीतभर वर गेलेली असते आणि वाजवणाऱ्याचा हात चुकतो. म्हणून हल्ली वरचा भाग पॉलिएस्टरचा घेतात आणि फक्त हातात येणारा भाग नैसर्गिक धाग्याचा. शेपटाची गाठ माणसाच्या उंचीप्रमाणे बदलायची असते. बुटक्यासाठी पायाखाली लाकडी खोकं ठेवतात, ते जुन्या मनोऱ्याच्या कोपऱ्यात एकावर एक रचलेलं दिसेल. फेकू नका, भंगार नाही ते.

अंकपाश

आणि घंटा फिरवायच्या आधी मनोरा तपासून घ्या. आठ घंटा फिरतात तेव्हा मनोरा डोळ्यांना दिसेल इतका हलू शकतो. थोडा हलणं ठीक आहे, उंच मनोरे हलतातच. वाजवताना भिंतीवरच्या जुन्या चिरेवर काचेची पातळ पट्टी चिकटवून ठेवायची. पट्टी तडकली तर वाजवणं थांबवून स्ट्रक्चरल इंजिनीअरला बोलवायचं.

गुरुवारकर

पट्टी नोंदवून घेतली. खोकी पण.